बीएला नुसतं इंग्रजी का इतिहास-इंग्रजी सोबत?
नुसतं इंग्रजी घेतलं तर भाषेवर, कवितांवर वेळ जास्त मिळतो, बीएड करून इंग्रजीचं मास्तर व्हायचंय तर सरळ रस्ता आहे. पण मला विचाराल तर दोन्ही सोबत घ्या, आपल्या मराठवाड्यातल्या पोरापोरींनी तर नक्कीच, कारण आपला कितीतरी इतिहास इंग्रजीत लिहून पडलाय. धाराशिव जिल्ह्यातलं नळदुर्गच बघा ना, १८५३ च्या तहात निजामानं हा भाग इंग्रजांच्या ताब्यात दिला अन् कारभार बघायला मेडोज टेलर आला, हा अधिकारी पण होता आणि इंग्रजी कादंबरीकार पण, आता त्याचं आत्मचरित्र इंग्रजीवाला शैली म्हणून वाचणार, इतिहासवाला पुरावा म्हणून, अन् दोन्ही शिकलेली पोरगी विचारणार की हा साहेब स्वतःला एवढा भला का दाखवतोय? हा प्रश्न लई मोलाचा आहे. १९४८ च्या पोलीस ॲक्शनचं, म्हणजे भारताच्या फौजेनं निजामाचं हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं त्याचं, पण तसंच, इंग्रजी कागदपत्रं वाचायची अन् आजीनं सांगितलेलं रझाकारांचं, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचं, पण त्याला लावून बघायचं. वाचन डबल पडतं हे खरं, मराठी मीडियमवाल्याला पहिलं वर्ष जड जातं. तरी घ्या. फक्त ॲडमिशनच्या आधी कॉलेजात विचारून या, दोन्हीचे तास एकाच वेळेला तर येत नाहीत ना.