फाटकापर्यंत एक वाटाड्या, फाटकानंतर दुसरा: बेलफास्टमधील एका पायी सहलीविषयी

उत्तर आयर्लंडची राजधानी असलेल्या बेलफास्टच्या पश्चिम भागातील भित्तिचित्रे आणि कॅथलिक व प्रोटेस्टंट वस्त्यांना अलग ठेवणाऱ्या भिंती काळ्या टॅक्सीतून दाखवून आणणाऱ्यांची तेथे वाण नाही. मी मात्र सुमारे तीन तासांची पायी सहल निवडली, कारण तिची रचनाच वेगळी आहे. कॅथलिक वस्तीतील फॉल्स रोडचा भाग तुरुंगवास भोगलेला एक रिपब्लिकन, म्हणजे संयुक्त आयर्लंडचा पुरस्कर्ता, दाखवतो. दोन वस्त्यांच्या मधल्या फाटकाशी तो मंडळींना दुसऱ्याच्या हवाली करतो आणि प्रोटेस्टंट वस्तीतील शँकिल रोडवरची हकीकत ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या लॉयलिस्ट गटातला माजी कैदी सांगतो. सुमारे 3,500 माणसांचा बळी घेणाऱ्या तीस वर्षांच्या संघर्षानंतर 1998 मध्ये गुड फ्रायडे करार झाला. त्यातील तरतुदीनुसार दोन्ही बाजूंच्या 400 हून अधिक कैद्यांची मुदतीपूर्वी सुटका झाली. मारल्या गेलेल्यांच्या नातलगांना ही अट किती जड गेली असेल, याचा विचार ही सहल करताना सतत मनात येत राहतो.

पहिला वाटाड्या बोलण्यात तरबेज होता. 1981 च्या तुरुंगातील उपोषणात 66 व्या दिवशी मरण पावलेल्या, आयआरए या रिपब्लिकन सशस्त्र संघटनेच्या बॉबी सँड्सच्या भित्तिचित्रासमोर त्याने तुरुंगातील मागण्या ज्या क्रमाने सांगितल्या, त्यावरून तो हे हजार वेळा सांगून चुकला असावा हे उघड होते. मला अधिक भावला तो बॉम्बे स्ट्रीट. नाव वाचून मराठी माणूस क्षणभर थबकतोच, आणि शेजारीच काश्मीर रोडही आहे; साम्राज्याच्या काळातली ही नावे तशीच राहिली आहेत. ऑगस्ट 1969 मध्ये या गल्लीतील घरे जाळण्यात आली. नंतर पुन्हा उभारलेल्या घरांची परसदारे भिंतीला लागून आहेत आणि पलीकडून भिरकावलेले दगड व बाटल्या अडवण्यासाठी त्यांवर जाळीचे पिंजरे बसवलेले आहेत. एका पिंजऱ्याखाली दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. वाटाड्या येथे थोडा वेळ गप्प राहिला, आणि त्याच्या साऱ्या बोलण्यापेक्षा ती शांतता मला जास्त सांगून गेली.

हस्तांतराचा प्रसंग जेमतेम मिनिटभराचा होता. दोघांनी हात मिळवले, हवापाण्याविषयी दोन शब्द बोलले, आणि पहिला वाटाड्या मागे वळून निघून गेला. दुसऱ्याची बाजू ऐकायला तो थांबला नाही, आणि दुसराही आधी येऊन त्याचे ऐकत उभा राहिलेला नव्हता. ज्या क्षणासाठी ही सहल निवडावी, तोच आयोजकांनी सर्वांत घाईने उरकला आहे. दोघांना तेथेच दहा मिनिटे उभे करून एकमेकांच्या देखत प्रश्न घेऊ दिले असते, तर सहलीचे मोल दुप्पट झाले असते.

दुसऱ्याचे बोलणे कमी सफाईदार होते, म्हणूनच कदाचित अधिक खरे वाटले. ऑक्टोबर 1993 मध्ये शँकिलवरील मासळीच्या दुकानात आयआरएने घडवलेल्या स्फोटाविषयी सांगताना तो वाक्य अर्धवट सोडून रस्त्याकडे पाहू लागला. त्या स्फोटात नऊ जण आणि बॉम्ब ठेवणाऱ्यांपैकी एक ठार झाला होता. पुढे क्युपार वेवरच्या भिंतीजवळ पर्यटकांना सही करण्यासाठी पेन दिले जाते. खाली काँक्रीट, त्यावर पत्रा, त्यावर जाळी अशी चढत गेलेली ती भिंत शांततेच्या शुभेच्छांनी भरून गेली आहे. मी पेन परत दिले. दुसऱ्यांच्या परसदारामागे आपली सही करणे मला प्रशस्त वाटले नाही.

सहलीचा मोठा दोष तिच्या मौनात आहे. आम्ही ज्या डिव्हिस टॉवरपासून निघालो, त्याच परिसरातील सदनिकेतून डिसेंबर 1972 मध्ये आयआरएने जीन मॅकॉनव्हिल या दहा मुलांच्या आईला पळवून नेऊन ठार केले, आणि त्यांचे अवशेष 2003 मध्ये एका समुद्रकिनाऱ्यावर सापडले. पहिल्या वाटाड्याच्या तोंडी हे नाव आले नाही. 1970 च्या दशकात कॅथलिकांना रस्त्यावरून उचलून निर्घृणपणे मारणाऱ्या शँकिलच्या टोळीचा उल्लेख दुसऱ्याने केला नाही. आपल्यावर काय गुदरले ते दोघांनीही प्रांजळपणे सांगितले. आपल्या माणसांनी काय केले, ते ऐकणाऱ्याने दुसऱ्या अर्ध्या भागातून गोळा करायचे. शस्त्र न धरलेल्या कोणाचाही आवाज या तीन तासांत ऐकू येत नाही, ही उणीव मला जास्त खटकली.

दोघांनाही मी एकच प्रश्न विचारला: 2013 मध्ये सरकारने दहा वर्षांत या भिंती हटवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, मग त्या अजून का उभ्या आहेत? दोघांचे उत्तर जवळजवळ शब्दशः एकच निघाले. भिंतीला पाठ लावून जे झोपतात त्यांनी ठरवावे, आणि त्यांना अजून धीर होत नाही. आपले उत्तर जुळते हे त्या दोघांना ठाऊक आहे की नाही, कोण जाणे.

उणिवा धरूनही मी टॅक्सीपेक्षा हीच सहल सुचवेन, मात्र सकाळची वेळ घ्यावी. सहल शँकिलवर संपते आणि परतीची वाट दाखवायला कोणी सोबत येत नाही. मी भित्तिचित्रे पाहत रेंगाळलो, तोवर फाटक रात्रीपुरते बंद झाले होते, आणि पलीकडे दिसणाऱ्या फॉल्स रोडवर पोहोचण्यासाठी मला शहराच्या मध्यभागातून वळसा घालावा लागला.