राजदूत ३५०: बांधून काढावी की दुसरी घ्यावी?

सोलापुरातल्या जुन्या वाड्यांत, ताडपत्रीखाली उभी राहिलेली आरडी, म्हणजे राजदूत ३५०, अजूनही अधूनमधून विक्रीला निघते. मालक ठामपणे सांगतो, "बाकी काही नाही, कार्बोरेटर साफ केला की चालू होईल." त्याच्या बोलण्यावर जाऊ नका आणि टाकीच्या रंगावर तर मुळीच जाऊ नका. पैसे लावायचे की नाही, हे तीन गोष्टी ठरवतात: कागद, क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) आणि सिलिंडरमध्ये शिल्लक असलेला बोअर (घासून मोठं करता येईल असं भोक). बाकी सगळं आज ना उद्या मिळतं.

गाडी काय आहे ते थोडक्यात. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने ती १९८३ मध्ये भारतात आणली. ३४७ सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, रीड व्हॉल्व्ह (पातळ पत्तीची झडप), प्रत्येक सिलिंडरला सात पोर्ट (वायू ये-जा करायच्या खिडक्या). जपानी गाडी ३९ बीएचपी द्यायची. आपल्याकडची हाय टॉर्क (एचटी) ३०.५ आणि नंतरची लो टॉर्क (एलटी) २७. पुढची डिस्क काढून ड्रम दिला, आणि ती कंजुषी आजही भोवते. एलटीला एचटीचा स्टिकर लावून विकणारे कमी नाहीत, तेव्हा स्टिकरचे जादा पैसे देऊ नका.

कागदांपासून सुरुवात करा. आरसीवरचा इंजिन आणि चेसी नंबर गाडीवर स्वतः वाचा, रंगाखाली असेल तर घासून वाचा. इंजिन बदललेलं आणि आरसीवर नोंद नाही, अशी गाडी सोडून द्या. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, त्यासाठी गाडी आरटीओत न्यावी लागते, वर पर्यावरण कर. वीस वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झाली आहे. मुदत उलटून वर्षं गेली असतील तर उशिराचा दंड महिन्यांवर मोजतात, तो आकडा विक्रेत्याशी बोलण्याआधी काढून घ्या. "व्हिंटेजमध्ये टाकू" हा सल्लाही हमखास मिळतो. त्या नोंदणीला गाडी पन्नास वर्षांची लागते, म्हणजे १९८३ ची आरडी २०३३ पर्यंत बसत नाही. शिवाय त्या नंबरवर रोज फिरवताही येत नाही.

आता इंजिन. वर्षानुवर्षं उभी असेल तर किक मारू नका. आरडीचा क्रँक (पिस्टनच्या हालचालीवर फिरणारा दांडा) तुकडे प्रेस करून बसवलेला असतो. पिस्टन चिकटलेला असताना किकवर उभं राहिलं की क्रँक पिळतो आणि खर्च दुप्पट होतो. दोन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल समप्रमाणात चमचाभर सोडा, रात्रभर ठेवा. सकाळी क्रँकच्या टोकाच्या नटला पाना लावून हळूहळू पुढे-मागे करा. सुटलं तर कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दोन्ही बाजू मोजा. आकड्यांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर बोअरचं काम आहेच असं धरून किंमत पाडा.

मग डावीकडचं स्प्रॉकेट कव्हर उघडा. कधीकाळी तुटलेली चेन तिथे गुंडाळली जाऊन क्रँककेसला तडा गेलेला असतो, आणि वर आर्गन वेल्डिंग किंवा एम-सील मारलेलं असतं. सफाईदार वेल्डिंग चालेल. पण तडा क्लच पुशरॉडच्या (क्लच दाबणाऱ्या दांडीच्या) सीलपर्यंत गेला असेल तर ऑइल गळणं थांबत नाही. अशी केस बदलायची म्हणजे नंबर बदलणं आलं, आणि पुन्हा कागद. इथेच "नको" म्हणायचं.

क्रँकचे सील न उघडता तपासता येतात, आणि घासाघीस करायला यासारखं हत्यार नाही. दोन्ही बाजूंचे कार्ब आणि सायलेन्सर काढून तोंडं रबरी बुचांनी घट्ट बंद करा. एका प्लगच्या भोकात जुन्या बीपी मशीनचा फुगा आणि काटा जोडा, दुसऱ्यात प्लग तसाच राहू द्या. २५० मिमीपर्यंत दाब भरा, म्हणजे साधारण पाच पीएसआय. पाच मिनिटांत काटा जागेवरून फारसा हलला नाही तर सील ठीक. भराभर उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. डावीकडचा, मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला असेल तर हवा आत येते, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन जाम होतो. उजवीकडचा गेला तर इंजिन गिअर ऑइल पितं: सायलेन्सरमधून थांबत नाही असा पांढरा धूर आणि गिअर ऑइलची पातळी खाली. टू-स्ट्रोक आहे, धूर येणारच, असं म्हणून इथे खूप जण फसतात. नुसते सील बदलायचे तरी क्रँककेस फोडावी, म्हणजे उघडून दोन भाग करावी लागते, आणि केस फोडलीच आहे तर बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड किट त्याच वेळी घाला. क्रँक पुन्हा प्रेस केल्यावर डायल गेजवर रन-आउट (फिरताना होणारं डुलणं) ०.०३ मिमीच्या आत हवा. "डोळ्यानं बघून सरळ केला" म्हणणाऱ्याकडे क्रँक देऊ नये.

बोअर मूळचा ६४ मिमी. पाव-पाव मिमीने वाढत ६५ पर्यंत चार ओव्हरसाइज (वाढीव मापाचे पिस्टन) मिळतात. सिलिंडर आधीच ६५ वर असेल तर नवीन लायनर (सिलिंडरची आतली नळी). खरी कसोटी लायनरच्या कामाची. सात पोर्टच्या कडा जुन्या खिडक्यांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत, आणि प्रत्येक कडेला बारीक उतार द्यावा लागतो, नाहीतर रिंग अडकून तुटते. पोर्ट एखाद-दीड मिमी वर-खाली झाला तर गाडी चालू होते, पण ताकद गेलेली असते आणि ती पुढे कार्ब ट्यूनिंगमध्ये शोधत बसावी लागते. पिस्टन हातात असल्याशिवाय बोअर मारून घेऊ नका. बाजारातल्या पॅटर्न (कंपनीच्या नसलेल्या) पिस्टनचं माप डब्यावरच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. आधी पिस्टन मायक्रोमीटरने मोजा, मग ०.०५ मिमीच्या आसपास फट ठेवून बोअर.

सोलापूरची जमेची बाजू म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले लेथवाले. यंत्रमागाचे भाग रोज करणाऱ्याला स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बुश किंवा गेलेल्या स्टडला हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवणं अवघड नाही. मूळचा प्लास्टिकचा बुश काढून गनमेटलचा करून घ्या, मागचं चाक वळणावर डुलायचं थांबतं. कमी खर्चात एवढा फरक पाडणारं दुसरं काम या गाडीत नाही. हवाही कोरडी असल्याने चेसी सहसा सडलेली नसते. धूळ मात्र भरपूर, त्यामुळे एअर फिल्टर काढून उघडे कार्ब ठेवणं हा इथे शुद्ध वेडेपणा आहे. क्रँक आणि लायनर यांच्यासाठी मात्र पुण्याकडे किंवा त्यापलीकडे पाहावं लागेल, तोही खर्च धरा.

ऑटोल्यूब पंप (इंजिनात आपोआप ऑइल सोडणारा) काढून टाकलेला असेल तर परत बसवा. थ्रॉटलची केबल दोन कार्ब आणि पंप अशी तिघांत फुटते. आधी दोन्ही कार्बच्या स्लाइड एकदम उचलल्या जातील असं जुळवा, मग पंपावरची खूण. पंप मिळेपर्यंत टाकीत लिटरमागे ४० मिली टू-टी. तुळजापूरचा घाट उतरताना हा फरक कळतो: ऑइल फक्त पेट्रोलबरोबर येत असेल आणि थ्रॉटल बंद ठेवून गाडी जोरात धावत असेल, तर सिलिंडर कोरडा पडतो. मधूनमधून थ्रॉटल द्या. पुढचा ड्रमही त्याच उतारावर तापून ढिला पडतो. दोन्ही शू एकाच वेळी टेकतील अशी मधली दांडी लावली नसेल तर अर्धाच ब्रेक मिळतो.

ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने जुने रबर फुगतात, म्हणून टाकीची तोटी, पाइप आणि फ्लोटच्या ओ-रिंग नव्या घाला. याच पेट्रोलने मिश्रणही थोडं लीन होतं. एनजीकेचा बी८एचएस प्लग लावून दहा किलोमीटर पळवा आणि काढून बघा: पांढरा दिसला तर मेन जेट (कार्बमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) एक नंबर मोठा. एप्रिल-मेच्या चाळीसच्या वरच्या उन्हात लीन इंजिनला माफी नसते. पीयूसीला या वयाच्या टू-स्ट्रोकची सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादा ४.५ टक्के आहे, नीट जुळवलेली आरडी तीत बसते.

दुसरी घ्यायची म्हणजे काय, हेही बघा. रोज होटगी रोडवरून कामावर जायचं असेल तर आरडीचा विषयच सोडा. रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६४८ सीसी आणि ४७ बीएचपी देते, एबीएस आहे, सर्व्हिसची कटकट नाही. पण वजन दोनशे किलोच्या वर आणि स्वभाव शांत. यामाहा आर३ वेगात आरडीला सहज मागे टाकते, आवाजात नाही. आरडीच हवी असेल, तर खराब क्रँकची स्वस्त गाडी घेऊन बांधण्यापेक्षा चालती आणि कागद चोख असलेली जास्त पैसे देऊन घेणं बहुतेक वेळा परवडतं. "फुल रिस्टोर्ड" म्हणणाऱ्याकडे लेथची आणि क्रँकच्या कामाची बिलं मागा. फक्त पेंट आणि क्रोमची बिलं निघाली, तर बीपीचा फुगा घेऊन जा.