एक्सपल्स 200 4व्ही: एक अख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

‘अ‍ॅडव्हेंचर बाइक घ्यायचीय, हीरोची एक्सपल्स घेऊ की रॉयल एनफिल्डची हिमालयन?’ असं विचारणारा बहुतेक वेळा अश्वशक्तीचे आकडे पाठ करूनच आलेला असतो. मी त्याला उलट विचारतो, पुणे-सातारा हायवेवरच्या नसरापूर फाट्यावरून आत वळल्यावर तू काय करतोस? वेल्ह्यात मिसळ खाऊन परत फिरतोस? डांबरावरून केळदपर्यंत जाऊन मढे घाटात फोटो काढतोस? की पासलीच्या अलीकडे एखादा मुरमाचा फाटा दिसला की हात आपोआप तिकडे वळतात? यातल्या पहिल्या दोघांना मी एक्सपल्स सुचवणार नाही. मी तिसऱ्यातला, म्हणून ही घेतली, आणि आता दुसरा पावसाळा तोंडावर आलाय.

कागदावरचं आधी उरकतो. 199.6 सीसी, ऑइल-कूल्ड, जेमतेम 19 पीएस (म्हणजे अश्वशक्तीच), पाच गिअर, टाकी 13 लिटरची. पुढचं चाक 21 इंची, मागचं 18 इंची, दोन्ही स्पोकची. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा, 220 मिमी, सीटची उंची 825 मिमी. वजन 160 किलोच्या आसपास. यातला शेवटचा आकडा सोडून बाकी सगळे विसरलात तरी चालेल.

माझ्या मित्राची हिमालयन 450 आहे. 452 सीसी, 40 पीएस, वजन 196 किलो. दोघांमधला फरक पाऊण पोतं सिमेंट. डांबरावर हे पोतं जाणवतसुद्धा नाही, उलट वाऱ्यात गाडी ठाम राहते. पण पानशेतच्या मागच्या अंगाला जुलैमध्ये ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या असतात, मधे शेवाळलेला कातळ, कडेला काळ्या मातीचा लगदा. तिथे गाडी पडते. कोणाचीही पडते, माझी तर नेमाने पडते. ही पडली की हँडल पूर्ण वळवायचं, पाठ सीटला लावायची, गुडघ्यात वाकून मागे रेटत उठायचं, की एकट्याने उभी राहते. मित्राची उचलायला चिखलात आम्ही दोघं लागतो, आणि दुसऱ्यांदा पडली की तो चहाची टपरी शोधायला लागतो. एकटे फिरणार असाल तर हा फरक अश्वशक्तीपेक्षा फार मोठा आहे.

चढणीवरही तेच. सुट्या दगडांच्या चढावर गाडी मधेच थांबली तर 200 सीसीची गाडी पुढचा ब्रेक धरून, क्लच सांभाळत, तिरकी करत मागे घेता येते. हिमालयन 450 चा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, 40 न्यूटन-मीटर, त्यामुळे ती थांबतेच कमी हे खरं. एक्सपल्सचा टॉर्क 17.35 आणि तोही 6500 आरपीएमला, म्हणजे चढाच्या आधीच पहिला गिअर टाकून इंजिन ओरडतं ठेवावं लागतं. गाडीला ओरडू द्यायची सवय नसेल तर सुरुवातीला भीती वाटते. पण उभं राहून चालवायला एकदा जमलं की 21 इंची चाक दगडांवरून असं चढून जातं की आपण फक्त नजर पुढे ठेवायची.

उतारावर मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला आहे. कागदावर हे काटकसरीचं वाटतं. प्रत्यक्षात मुरमाच्या उतारावर मागचं चाक मुद्दाम लॉक करून गाडी वळवता येते. 2023 पासूनच्या मॉडेलमध्ये रोड, ऑफ-रोड आणि रॅली असे तीन मोडही आहेत. मी ऑफ-रोडवरच असतो. रॅलीत पुढचा एबीएस पूर्ण बंद होतो, तो मोड ज्यांचा उजवा हात शांत आहे त्यांनी वापरावा.

टायरबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण यावर खर्च वाया जातो. गाडी घेतल्याबरोबर मोठ्या गुट्ट्यांचे (ठळक रबरी उंचवट्यांचे) टायर बसवायची फॅशन आहे. चिखलात ते छानच धरतात. पण आपण पुण्यात राहतो. चिखलापर्यंत पोचायला आधी धायरी, मग खडकवासला, आणि हल्ली गावोगावचे काँक्रीटचे रस्ते. ओल्या काँक्रीटवर गुट्ट्यांचा जमिनीला स्पर्शच कमी, त्यामुळे वळणावर पोटात गोळा येतो. दर महिन्याला एखाद-दुसरा रविवार कच्च्यावर जाणार असाल तर कंपनीचे टायर झिजेपर्यंत वापरा, फक्त हवा थोडी उतरवा. थोडीच. आत ट्यूब आहे, जास्त उतरवली तर दगडावर आपटून रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटते.

पंक्चर हा वेगळाच अध्याय. हिच्या स्पोकच्या चाकात ट्यूब आहे आणि 21 इंची ट्यूब गावच्या पंक्चरवाल्याकडे नसते. म्हणून सोबत एक 21 इंची ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप. मागची ट्यूब फाटली तरी 21 ची ट्यूब 18 च्या टायरमध्ये घडी न पडू देता बसवून घरापर्यंत येता येतं. उलटं मात्र जमत नाही. चाक काढायला घरी एकदा अंगणात बसून शिका. आईला वाटेल गाडी विकायला काढली.

आता शहर आणि हायवे. कर्वे रस्त्यावर रुंद हँडल गाड्यांच्या आरशांशी भांडतं, खड्डे मात्र मोजायचे सोडून द्या. माझी उंची साडेपाच फूट, सिग्नलला एकच पाय टेकतो आणि तेवढा पुरतो. एक्सपल्सच्याच प्रो व्हेरिअंटची सीट 891 मिमी उंच आहे. सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला मिळणारी जागा, पुढे 250 आणि मागे 220 मिमी, मोह होण्यासारखाच. पण माझ्या उंचीच्या माणसाने चाकोरीत पाय टेकायला गेल्यावर जमीन सापडणार नाही. हायवेला 80 पर्यंत मजेत, 90 ला इंजिन नापसंती कळवतं. साताऱ्यापर्यंत ठीक. दर महिन्याला गोव्याला जाणाऱ्याने, त्यातही मागे बायको आणि दोन बॅगा असतील तर, सरळ हिमालयन घ्यावी. मित्र तेच करतो आणि त्याच्यासाठी तीच बरोबर आहे. घाटातल्या डांबरी वळणांचंच वेड असेल, ताम्हिणी आणि वरंधा हेच तुमचं जग असेल, तर 2020 ची केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर जुन्यात बघा. पुढे 19 आणि मागे 17 इंची चाकं, 43 पीएस, ती वळणांसाठीच जन्मली आहे.

पैशाचा फरकही आता वाढलाय. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांवर 40 टक्के झाला. वाचलेल्या पैशात आधी गुडघ्यापर्यंतचे बूट घ्या, मग हँडगार्ड, मग बाकीची सजावट. आणि कच्चा रस्ता म्हणजे जंगल नव्हे. अभयारण्यात आणि वन विभागाच्या जमिनीवर गाडी घालू नका, उभ्या पिकाच्या बांधावरून तर अजिबात नको. गावकरी एकदा चिडले की तो फाटा सगळ्यांनाच बंद होतो.

जुनी घेणार असाल तर ओडोमीटर नंतर बघा. आधी पुढचं चाक जमिनीवरून उचलून फिरवा, रिम डुलतेय का पाहा, मग पेन्सिलीने एकेक स्पोक वाजवा. सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्यांवर तेलाचं ओलं वर्तुळ असेल तर ऑइल सीलचे पैसे किमतीतून कापा. शेवटी खाली वाकून बॅशप्लेट, म्हणजे इंजिनखालचा संरक्षक पत्रा, बघा. तिच्यावर ओरखडे असतील तर घाबरू नका, पण प्लेट नवीकोरी आणि इंजिनच्या खालच्या केसिंगवर मात्र खोक असेल तर मालकाला विचारा की जुनी प्लेट कुठे गेली.