आधी सेल्फ टेस्टची केबल मागा, मग पैसे द्या

लग्नसराईत साउंड भाड्यानं द्यायचा माझा धंदा, सोलापुरातच. वायरलेस माइकनं गेली दोन वर्षं डोकं उठवलंय. जुने चार माइक ७०० मेगाहर्ट्झच्या वरचे होते. २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावात तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा मोबाइल कंपनीकडं गेला, टॉवरवर फाइव्ह-जी चालू झालं आणि माझे माइक खरखरायला लागले. नवे घेतले ते ६०० च्या आसपासचे. तर शेजारच्या कार्यालयातला साउंडवालाही तिथंच बसलेला! कुठं गर्दी आहे, कुठं मोकळं आहे हे डोळ्यांना दिसावं म्हणून हातात मावणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती जोराचा सिग्नल आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं. टायनीएसए अल्ट्रा, चार इंची पडद्याचा.

नवा घ्यायला हात आखडला. जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत एक साडेआठ हजाराला दिसला. विकणारा बाहेरगावचा, पण म्हणाला, "मी सोलापूरला येतोच आहे, हातात घेऊन बघा, पटलं तर पैसे द्या." आता असं बोलणाऱ्यावर कोण संशय घेणार? ऑनलाइन पैसे भरून डब्यात वीट आली, असल्या गोष्टी ऐकलेल्या. इथं तर माणूस समोर येणार होता.

एसटी स्टँडजवळ चहाच्या टपरीवर भेटलो. त्यानं अँटेना ओढून लांब केली, १०३.४ टाकलं, आणि आपल्या सोलापूर आकाशवाणीचा सुळका पडद्यावर उभा राहिला. मी खूश. मग त्यानं खिशातला वॉकीटॉकी काढून अँटेनाच्या अगदी जवळ धरला आणि बटण दाबलं. सुळका थेट छताला. "बघा, किती सेन्सिटिव्ह आहे!" मी मान डोलावली. पाच वॉटचा सेट असा टेकवून दाबायचा नसतो, हे मला तेव्हा कुठं ठाऊक? असल्या यंत्राच्या तोंडाशी शून्य डीबीएमपेक्षा, म्हणजे एका मिलिवॉटपेक्षा जास्त जाऊ देऊ नये म्हणतात. पाच वॉट म्हणजे त्याच्या पाच हजार पट. हे यंत्र याच खेळात आधी भाजलं असणार, असं आता वाटतं.

डब्यात अँटेना होती, कव्हर होतं, चार्जिंगची वायर होती. बोटभर लांबीची एक केबल मात्र नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "ती इंजिनिअर लोकांना लागते, तुम्हाला काय करायचीय? कुठंतरी पडली असेल." मी यूपीआयनं पैसे टाकले. चहाचे पैसेही मीच दिले.

तिसऱ्या दिवशी होटगी रोडला लग्न. सकाळी हॉलमध्ये स्कॅन केलं, ६०० च्या आसपासचा एक तुकडा अगदी स्वच्छ दिसला, चारही माइक तिथं लावले. मंगलाष्टकांपर्यंत सगळं ठीक. मग भटजींनी "शुभमंगल" म्हटलं आणि पुढचं "सावधान" गेलं ते गेलंच. त्या जागी फर्रर्र. पाठोपाठ शेजारच्या हॉलमधल्या बाईंचा आवाज आमच्या स्पीकरमधून: "नवरदेवाकडच्यांनी पंगतीला यावं." आमची मंडळी हसली. मुलीचे वडील हसले नाहीत. हिशोबात दोन हजार कापले.

माझा एक मित्र टीव्ही दुरुस्ती करतो, त्याच्याकडं हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना आहे. यंत्र त्याच्याकडं नेलं. त्यानं आधी अँटेना काढून टाकली. "अण्णा, ही खालची रेघ बघा की. काहीच जोडलं नाही तरी नॉइज, म्हणजे यंत्राची स्वतःची खरखर, उणे पासष्ट डीबीएमला. उणे नव्वद-शंभरच्या आसपास पाहिजे." मग लेव्हलच्या मेनूत गेला. तिथं एक्स्टर्नल गेन म्हणून एक आकडा असतो. यंत्राच्या पुढं तुम्ही सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर किंवा कमी करणारा अटेन्युएटर लावला असेल तर तो तिथं सांगायचा, म्हणजे पडद्यावरचं माप बरोबर येतं. आमच्यात पुढं काहीच लावलेलं नव्हतं, आणि आकडा होता उणे ३०. म्हणजे जळलेलं इनपुट सिग्नल तीस डीबीनं कमी घेत होतं आणि पडद्यावर तेवढेच तीस डीबी फुकटात वाढवून दाखवले होते. तीस डीबी म्हणजे हजार पट! यंत्र चालू करतानाच तो आकडा यावा असं सेव्हसुद्धा करून ठेवलेलं. आकाशवाणीसारखा गावातलाच जोरदार सिग्नल तरीही दिसतो. शेजारच्या हॉलमधला माइक त्या फुगलेल्या नॉइजच्या खाली बुडतो, आणि आपल्याला वाटतं जागा मोकळी आहे.

मग त्यानं स्वतःची केबल काढून कॅल आणि आरएफ अशी दोन तोंडं जोडली. यंत्र आतून ३० मेगाहर्ट्झचा ठरलेला सिग्नल सोडतं आणि स्वतःच मोजून बघतं. मेनूत सेल्फ टेस्ट दाबायचं, एवढंच. मिनिटभरात फेल आलं. ते मिनिट मला टपरीवर मिळू नये म्हणूनच केबल "पडली" होती. बरं, केबल नसली तरी निदान अँटेना काढून खालची रेघ बघायला आणि लेव्हलचा मेनू उघडायला पैसे पडत नव्हते. माझ्याकडं अर्धा तास होता, तो मी पुण्यातल्या ट्रॅफिकवर गप्पा मारण्यात घालवला.

फोन केला तर पहिल्यांदा म्हणाला, "तुम्हीच जाळलं असेल." दुसऱ्यांदा नंबर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे फोटो दिले. पैसे अजून आलेले नाहीत.

परवा बायकोच्या फोनवर जाहिराती चाळताना तोच नंबर दिसला. यंत्र दुसरं, किंमत तीच. फोटोत अँटेना, कव्हर, चार्जिंगची वायर नीट मांडलेली. तिच्या फोनवरून मेसेज केला: "सेल्फ टेस्टची छोटी केबल आहे का?" दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही.