जत्रेतल्या गायनाला कोणते दिवे: हॅलोजन पार, एलईडी पार की शार्पी?

कार्तिक लागला की गोव्यातल्या देवस्थान समित्यांत गायक कोण, साउंड कोणाचा यावर रात्री जागवल्या जातात. दिवे मात्र मांडववाला लावील ते. मला हे खटकतं, कारण पहिला षड्ज लागण्याआधीच प्रकाशाने श्रोत्याचं मन एकतर बसवलेलं असतं, नाहीतर विस्कटलेलं.

पार म्हणजे मंचावर झोत टाकणारा डब्यासारखा दिवा. त्यातला हॅलोजन पार म्हणजे जुना १००० वॉटचा पार ६४. त्याचं रंग-तापमान ३२०० केल्विनच्या आसपास, म्हणजे उजेड पिवळसर. डिमरने उतरवत नेलं की तो आणखी तांबूस होतो आणि विलंबित ख्यालाला हा उतार फार शोभतो. गायिकेच्या चेहऱ्यावरचा भाव, शालूची जर, तानपुऱ्याच्या भोपळ्याची चकाकी, सगळं खरं दिसतं. पण त्याची धग मोठी. तारा तापून उतरतात, तबल्याचं चामडं ताणून चढतं आणि चांगला रंगलेला राग सोडून वाद्यं पुन्हा लावावी लागतात. शिवाय आठ पार म्हणजे ८ किलोवॉट, आणि तेवढा जनरेटर हवा. डिमर आणि साउंड एकाच फेजवर असले तर स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते, म्हणून फेज वेगळी मागा.

एलईडी पारमध्ये ५४ बाय ३ वॉटचा, म्हणजे तीन-तीन वॉटच्या ५४ एलईडींचा दिवा सर्रास मिळतो. असे आठ लावले तरी दीड किलोवॉटच्या आतबाहेर भागतं आणि मंचावर धग जवळपास नाही. इथे गोम वेगळी आहे. लाल, हिरवा, निळा मिसळून केलेल्या पांढऱ्या उजेडात माणसाची कांती मातकट, आजारी दिसते. म्हणून लाइटवाल्याला स्पष्ट सांगा: निव्वळ वॉर्म व्हाइटचे, म्हणजे पिवळसर पांढरे दिवे, आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप, ९० च्या वर. स्वस्त दिवा मंद करताना झटके देतो आणि मोबाइलच्या चित्रीकरणात पट्टे उमटतात. आदल्या दिवशी फोन धरून बघा.

शार्पी आणि इतर मूव्हिंग हेड, म्हणजे डोकं फिरवत झोत टाकणारे दिवे, यांचं बळ हवेत दिसणाऱ्या किरणांत आहे. ते किरण दिसायला धूर लागतो. तो धूर गायकाच्या गळ्याला त्रास देतो, आणि देवळाच्या उघड्या चौकात वारा तो टिकूही देत नाही. वर आतल्या पंख्यांची घरघर. ऑर्केस्ट्रा असेल, तरुण मंडळी पुढे येऊन नाचणार असतील, तर शार्पी जरूर लावा. तालावर पडणारा झोत गर्दीला उठवतो. अभंगाला किंवा नाट्यपदाला मात्र तो मारकच. डोळे दिव्यामागे धावू लागले की कान मागे राहतात.

आता श्रोत्यांवरचा उजेड, ज्याचा विचार फारसा कोणी करत नाही. पणजीच्या कला अकादमीतल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात बसलं की सभागृह अंधारतं आणि लक्ष मंचावर एकवटतं. बंदिस्त नाट्यगृहाला ते ठीक. मडगावच्या दिंडीत रस्त्यावर बैठका बसतात, तिथे गायक आणि ऐकणारे जवळजवळ एकाच उजेडात असतात. मान डोलली, हात उठला की गायकाला दिसतं आणि जागा आणखी खुलते. देवळातल्या मैफलीला म्हणूनच पहिल्या काही रांगांवर मंद पिवळा उजेड ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

माझा कौल वॉर्म व्हाइट एलईडी पारला. ऐपत असेल तर मागून, जरा लांबून, दोन हॅलोजन. गायक जमिनीलगत बसतो, तेव्हा पुढचे दिवे दोन्ही बाजूंनी, डोक्याच्या वर, साधारण ४५ अंशांत उतरते हवेत. मंचाच्या कडेला खाली ठेवलेला दिवा नाकाची सावली कपाळावर चढवतो. हॅलोजन लावणारच असाल तर ते अर्धा तास आधी पेटवा, म्हणजे तानपुरे त्याच उबेत लागतील.