क्रँकबेटसाठी घेतलेला मऊ रॉड: सात महिन्यांनंतर

मागच्या उन्हाळ्यात माझे नऊ मासे काठापर्यंत येऊन सुटले. मी मोजले होते, कारण प्रत्येक वेळी घरी येऊन बायकोला सांगावं लागायचं. दोष आधी लूरला (नकली आमिषाला) दिला, मग गळाला, मग नशिबाला. रॉडवर, म्हणजे मासेमारीच्या काठीवर, संशय घ्यायला मन तयार नव्हतं, कारण तोच सगळ्यात महाग होता.

मी जळगावचा. रविवार मिळाला की वाघूर धरण, हतनूरचं बॅकवॉटर, नाहीतर सरळ गिरणेवर. (धरणाचं पाणी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने असतं. आधी जाऊन विचारावं, मगच दोरी टाकावी.) जुना रॉड होता पूर्ण कार्बनचा, साडेसहा फुटी, फास्ट ॲक्शनचा, म्हणजे फक्त टोकाला वाकणारा. मरळीसाठी फ्रॉग (बेडकासारखी मऊ लूर) टाकायला घेतलेला. त्या कामाला तो आजही चोख आहे. फ्रॉगचा गळ जाड असतो, मरळीचं तोंड हाडासारखं, आणि जलपर्णीतून मासा ओढून काढायचा असतो. तिथे कडक काठीच हवी.

पण हिवाळ्यात पाणी निवळलं की मी क्रँकबेटकडे, म्हणजे पुढे पट्टी असलेल्या माशासारख्या टणक लूरकडे वळतो, आणि तिथे सगळं उलटं होतं. क्रँकबेटला तीन तोंडांचे दोन बारीक गळ असतात. रील फिरवत असताना मासा लूर तोंडात घेतो आणि बऱ्याचदा स्वतःच अडकतो, झटका मारायची गरजच नसते. कडक रॉड असला की दोन गोष्टी होतात. मासा लूर पुरती तोंडात घ्यायच्या आत आपण ती हिसकावतो, म्हणजे गळ ओठाच्या कडेला जेमतेम लागतो. आणि मग मासा मान झटकतो तेव्हा रॉड वाकून तो झटका पचवत नाही, सगळा ताण त्या बारीक गळावर येतो. माझ्या डब्यात अशा दोन लूर आहेत ज्यांचा मागचा गळ उघडून सरळ झालाय. एका गळाच्या टोकाला ओठाचा पांढरा तुकडा अडकून आला होता, नखाएवढा.

हे मला कुठल्या व्हिडिओने नाही सांगितलं. गिरणेवर जामदा बंधाऱ्याच्या खाली एक भोईकाका जाळं वाळत घालत होते. माझा मासा सुटलेला त्यांनी पाहिला. जवळ आले, रॉडचं टोक दोन बोटांत धरून वाकवून पाहिलं आणि म्हणाले, "हाई काठी वाकतच नही ना भो. मासाले झटका बसस, तोंड फाडीसन निंघी जास." त्यांच्या हयातीत त्यांनी क्रँकबेट नावाची वस्तू हातात धरली नसेल. पण बांबूच्या काठीला पुढून किती तासायचं ते त्यांना माहीत होतं.

दिवाळीनंतर नवीन रॉड मागवला. त्यातही पहिला फटका बसलाच. विक्रेत्याला "क्रँकबेटसाठी मऊ" असं लिहून दिलं होतं, आला तो पुन्हा फास्टच. अंगावर छापलं होतं फक्त "मीडियम हेवी". हा घोळ आपल्याकडे फार चालतो. मीडियम, हेवी म्हणजे पॉवर, रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. फास्ट, मॉडरेट म्हणजे ॲक्शन, रॉड कुठून वाकतो ते. फास्ट फक्त टोकाला वाकतो, मॉडरेट साधारण निम्म्यापर्यंत. ताकदवान रॉडही मॉडरेट असू शकतो, आणि क्रँकबेटला नेमका तोच लागतो. परत पाठवायचं भाडं माझ्याच खिशातून गेलं.

शेवटी हाती आला तो ग्लास (फायबरग्लास) आणि कार्बन मिसळलेला, कंपोझिट. लांबी 7 फूट, दोन तुकडे, लूर 7 ते 21 ग्रॅम, ॲक्शन मॉडरेट. किंमत साडेतीन हजारांच्या आत. पूर्ण ग्लासचा याहून मऊ मिळाला असता, पण तो दिवसभर फेकायला जड जातो. एका तुकड्याचा घ्यावा असं जाणकार म्हणतात. त्यांनी तो मोटारसायकलवर भुसावळ रस्त्याने नेऊन दाखवावा.

पहिला महिना मी या रॉडला शिव्या देत होतो. फेक जातच नव्हती. जुन्या सवयीने मनगटाचा झटका द्यायचो आणि लूर दहा हातांवर धप्पकन पडायची. हा रॉड मागे नेला की त्याला वाकायला क्षणभर द्यावा लागतो, मग दोन्ही हातांनी सावकाश पुढे आणायचा, गोफण फिरवल्यासारखा. ते जमल्यावर चौदा ग्रॅमची लूर जुन्या रॉडपेक्षा पाच-सात पावलं लांब जायला लागली. या लांबीचा उपयोग शान मारायला नाही. क्रँकबेटच्या पुढे जी पट्टी असते ती पाण्यात लूरला खाली खेचते, पण खोल जायला तिला अंतर लागतं. फेक आखूड पडली तर लूर तळाला पोचायच्या आत काठाला येते. लाईन, म्हणजे दोरी, जाड असली तरी लूर कमी खोल जाते. मी 20 पाउंड ताण सोसणाऱ्या लाईनवरून 12 पाउंडच्या मोनोवर (एकपदरी नायलॉनवर) आलो आणि त्याच लूरने वाघूरला तळाचे दगड टेकायला लागले.

दगड टेकला की काय होतं ते सांगतो, कारण माझी सगळ्यात मोठी भीती तीच होती. वाटलं होतं मऊ रॉडमध्ये हाताला काही कळणारच नाही. लूर चालू असते तेव्हा टोक सारखं थरथरतं, शिलाई मशीनवर हात ठेवल्यासारखं. दगडाला पट्टी लागली की टक्. बाभळीच्या बुडालेल्या फांदीला लागली की थोडं मऊ, ओढ लागल्यासारखं. तिथे रील थांबवायचं, बहुतेक लूर तरंगत आपोआप वर सुटते. आणि एखाद्या वेळी थरथर एकदम बंद होते. टक् नाही, ओढ नाही, काहीच नाही. मासा लूर घेऊन आपल्याच दिशेने येत असतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला वाटलं पट्टीत शेवाळ अडकलं. जानेवारीतली सकाळ, चांगदेवच्या बाजूला बॅकवॉटरवर धुकं, बोटं बधिर. मी नुसतं रील भरभर फिरवत राहिलो, आणि रॉड आपणहून मधोमध वाकला. अडीच किलोचा शिवडा. काठाशी तीनदा मान झटकली त्याने. गळ जागचा हलला नाही.

सात महिन्यांत लागलेले चौदा, सुटलेले तीन. त्यातला एक माझ्या चुकीने, आनंदाच्या भरात जोरात झटका मारला म्हणून. रीलही बदललं, 5.2:1 चं (हँडलच्या एका फेऱ्यात दोरीचं चाक 5.2 फेरे घेतं) हळू फिरणारं घेतलं. मोठ्या पट्टीची लूर ओढताना मनगटाला फरक कळतो.

आता कुरकुर. तुकड्यांचा जोड दोन महिन्यांत सैल झाला. फेकताना वरचा भाग फिरायचा आणि दोरी ओवायच्या कड्या एका रेषेत राहायच्या नाहीत. मेणबत्ती घासून बसवतो, तेवढ्यापुरतं चालतं. मार्चमध्ये लाईन विनाकारण तुटायला लागली. एका जुन्या मित्राने युक्ती सांगितली: कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरव. खान्देशात कापसाला काय तोटा! टोकाकडून तिसऱ्या कडीत धागे अडकले. आतल्या चकतीला केसाएवढी चीर होती, डोळ्यांना दिसत नव्हती. बहुधा गाडीवर आपटला असेल. विक्रेत्याने हात वर केले. कडी मागवून दोरा गुंडाळून इपॉक्सीने घरीच बसवली, दिसायला ओबडधोबड आहे.

आणि फ्रॉगला हा रॉड अजिबात चालत नाही. एप्रिलच्या उन्हात आळसाने एकच रॉड घेऊन गेलो, जलपर्णीत मरळीने फ्रॉग घेतला, मी झटका मारला आणि रॉड नुसता लवला. गळ हाडात शिरलाच नाही. विणलेली (ब्रेडेड) दोरी लावून फरक पडेल असं वाटलं होतं, तितका पडला नाही. दोन प्रकारची मासेमारी करत असाल तर दोन रॉड लागतील. एकच परवडत असेल आणि मरळीचाच नाद असेल, तर कडकच घ्या, क्रँकबेटच्या नादी लागू नका.

सध्या रॉड दारामागे टांगलाय. मरळीची लाल पिल्लं काठाला थव्याने दिसायला लागली आहेत, आई-बाप त्यांच्याखाली राखण करत असतात, अशा वेळी त्यांना उचलणं मला पटत नाही. हतनूरचे दरवाजे उघडले की तापीचं पाणी तसंही चहासारखं होतं, त्यात लूर कोणाला दिसणार. तोवर त्या दोन लूरचे सरळ झालेले गळ बदलायचे आहेत.