घराची विक्री फिसकटल्यावर घेतलेलं ऑनलाइन समुपदेशन: साडेतीन तारे

आधीच सांगून टाकते, समुपदेशनाने गिऱ्हाईक परत येत नाही. त्या आशेवर कुणी पैसे भरणार असेल तर भरू नयेत. पण विक्री मोडल्यावर रात्री-अपरात्री डोक्याचा जो भुगा होतो, त्यासाठी व्हिडिओवरची ही सेवा मी घेतली आणि पाचपैकी साडेतीन तारे द्यायला तयार आहे. दीड तारा कुठे कापला तेही लिहिते. नाव लिहीत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत.

आमचं प्रकरण थोडक्यात असं. घर विकायला काढलं, घेणारं जोडपं सज्जन, विसार झाला, कागदपत्रं तपासून झाली, आम्ही सामान बांधायला घेतलं. मग त्यांच्या बँकेकडून घराचं मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आलं, कर्ज तेवढंच कमी मंजूर झालं आणि वरचा फरक खिशातून भरणं त्यांना झेपेना. कुणाची लबाडी नाही, कुणी फसवलं नाही. खरा त्रास तोच होता, राग काढायला कुणी सापडतच नव्हतं. त्यात आम्ही पुढचं घर याच पैशांच्या भरवशावर ठरवलेलं, त्यामुळे तिकडून फोन सुरू: ‘ताई, काय ते एकदा नक्की सांगा.’

नोंदणी करताना आधी एक प्रश्नावली भरावी लागते. चिंता किती आहे ते मोजणारी. जीएडी-7 तिचं नाव, प्रश्न सात, 2006 मध्ये तयार झालेली आणि आता सगळीकडे वापरली जाणारी. गेल्या दोन आठवड्यांत काळजी थांबवता न येण्याचा त्रास किती वेळा झाला, चिडचिड किती वेळा झाली, असे प्रश्न. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, कमाल बेरीज 21. माझी 13 आली, म्हणजे मध्यम. माझं सगळं आयुष्य हिशेबाच्या कामात गेलंय, त्यामुळे आकडा दिसला की मला जरा धीर येतो. पण ही बेरीज म्हणजे निदान नव्हे, निदान तज्ज्ञच करतात, हे तिथे इतक्या बारीक अक्षरांत लिहिलंय की चष्मा लावूनही शोधावं लागतं.

पहिल्यांदा ज्या बाई मिळाल्या त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. माझं बोलणं संपलं की त्या समोरच्या कागदावर बघून पुढचा प्रश्न विचारायच्या, आणि शेवटी म्हणाल्या, ‘जे होतं ते चांगल्यासाठीच होतं.’ हे सांगायला नातेवाईक फुकटात तयार होते. समुपदेशक बदलण्याची सोय आहे, पण ती ‘खाते’ मग ‘पसंती’ मग ‘इतर’ अशी आत कुठेतरी दडवलेली. अर्धा तारा तिथे गेला.

दुसऱ्या मॅडम मात्र वेगळ्या निघाल्या. मी सगळी कहाणी सांगायला लागले तर मध्येच म्हणाल्या, ‘कॅमेरा जरा खोलीकडे फिरवता का?’ फिरवला. खिडकीच्या निम्म्या उंचीपर्यंत खोकी रचलेली, प्रत्येकावर जाड मार्करने माझंच अक्षर: ‘नवीन घर, वरचा माळा’, ‘नवीन घर, मुलीची खोली’. त्यांनी विचारलं, ‘हे दिवसातून किती वेळा वाचता?’ मी म्हटलं, वाचत नाही हो, नजर जाते. ‘म्हणजे वाचताच.’ मग त्यांनी विचारलं, उद्या लागणारी कुठली वस्तू या खोक्यांत अडकलीय? इस्त्री होती, मुलीची रंगपेटी होती, माझा चष्म्याचा दुसरा जोड होता आणि नवऱ्याचे चालायला जायचे बूट होते. रोज काहीतरी शोधायचो, सापडलं नाही की एकमेकांवर खेकसायचो, पण खोकं फोडायचं नाही. फोडलं की व्यवहार मोडल्याचं कबूल केल्यासारखं होईल ना! मॅडमनी सगळी खोकी फोडायला सांगितलं नाही. लागतं तेवढं बाहेर काढा, बाकीची मागच्या खोलीत न्या आणि लिहिलेली बाजू भिंतीकडे करा, इतकंच. इस्त्री हाताशी आली आणि सकाळची निम्मी भांडणं बंद झाली. यात मानसशास्त्र किती आणि साधी शहाणीव किती, कोण जाणे. माझी पैसे देऊन घ्यायला हरकत नाही.

दुसरा उपाय म्हणजे काळजीची ठरलेली वेळ. थॉमस बोर्कोवेक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये हा प्रयोग मांडला होता: रोज एकाच वेळी, एकाच जागी बसून अर्धा तास मनसोक्त काळजी करायची, आणि एरवी काळजी डोक्यात आली की ‘तेव्हा बघू’ म्हणून पुढे ढकलायची. ऐकताना मला हसू आलं, काळजी काय वेळ विचारून येते? पण ढकलताना वहीत एक ओळ लिहायची असते आणि खरी गंमत त्या ओळीत आहे. दुपारी छातीत धडधड करणारी ओळ संध्याकाळी वाचली की बऱ्याचदा शिळी झालेली असते. उरलेल्या ओळींसाठी मॅडमनी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे काळजी, उजवीकडे काम. ‘आता कुणी विचारणारच नाही’ ही डावीकडे. ‘पुढच्या गिऱ्हाइकाकडून विसार घेण्याआधी कर्जाचं पूर्वमंजुरीपत्र मागायचं’ ही उजवीकडे. ‘मुदत किती वाढवून देता ते पुढच्या घराच्या मालकांना लेखी विचारायचं’, हीपण उजवीकडे. डावीकडच्या ओळीतून उजवीकडची एखादी निघते का, तेवढं बघायचं. निघाली नाही तर ओळ तशीच सोडायची.

झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहायची, हेही त्यांचंच. त्याला 2018 च्या एका अभ्यासाचा आधार आहे. त्यात 57 तरुण प्रयोगशाळेत झोपवले होते. उद्याची कामं लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी 9 मिनिटं लवकर झोप लागली. नऊ मिनिटं म्हणजे काही फार नाही, आणि ते सगळे तरुण होते, माझ्यासारखे पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे नव्हते. तरी रात्री दोनला उठून विक्रीच्या जाहिरातीला किती जणांनी पाहिलं ते तपासण्यापेक्षा बरं.

एकदा मीच त्यांना होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांच्या 1967 च्या यादीबद्दल विचारलं. आयुष्यातल्या 43 घटना, प्रत्येकीला ताणाचे गुण: जोडीदाराचा मृत्यू 100, लग्न 50, घर बदलणं फक्त 20. मग घर बदलता बदलता राहिलं, त्याला किती? ते यादीतच नाही. मॅडम म्हणाल्या, ‘बदल झाला की माणूस त्याला सरावायला लागतो. तुमचा झालाही नाही आणि रद्दही झाला नाही. तुम्ही नेमकं कशाला सरावायचं?’ इतके दिवस मला जे कुणाला समजावून सांगता येत नव्हतं ते हेच.

नवऱ्यालाही एका सत्राला बसवलं. तो गप्प राहून सोसणाऱ्यांतला आणि मी बोलून. रात्री अकराला दिवा मालवला की माझी टकळी सुरू, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. ठरलं असं की घराचा विषय फक्त त्या अर्ध्या तासात काढायचा, आणि त्या अर्ध्या तासात त्याने मोबाईल खाली ठेवायचा. नियम आधी कोणी मोडला ते सांगत नाही, तो हे वाचणार आहे.

आता जमलं नाही ते. मध्यंतरी एक नवीन गिऱ्हाईक आलं, पहिल्या किमतीपेक्षा बरंच कमी बोललं. मी मॅडमना सरळ विचारलं, द्यावं का? त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि ते बरोबरच केलं. भावाचं दलालाला विचारा, कराराचं वकिलाला. फक्त एवढं म्हणाल्या, ‘ती पहिली रक्कम तुमच्या खात्यात कधी आलीच नव्हती. मग ती गमावली असं का म्हणता?’ मिळालेल्या रकमेचा जेवढा आनंद होतो त्याहून तेवढीच रक्कम गमावल्याचं दुःख जास्त होतं, हे कानेमान आणि टवर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडून ठेवलंय. ते कळलं म्हणून दुःख कमी झालं म्हणाल, तर नाही झालं. पण कमी भावाचा आकडा ऐकल्याबरोबर फोन आपटायची उबळ आवरली, आणि ‘दोन दिवसांत कळवते’ एवढं माणसासारखं बोलता आलं. घर अजून विकायचंच आहे.

बाकी सोयीसुविधांच्या नावाने बोंब. सत्र 50 मिनिटांचं, त्यातली सुरुवातीची काही ‘माझा आवाज येतोय का’ यातच जातात. संदेशाला 24 तासांत उत्तर असं जाहिरातीत म्हणतात. ते येतं उशिरा, आणि येते ती श्वसनाची तयार ध्वनिफीत. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, हा भाग चांगला आहे, फोन वाजला की उचलण्याआधी मी तसं करते. पण ध्वनिफितीत मागे सतत पाण्याचा खळखळाट आहे आणि माझ्या वयात त्याने शांत वाटत नाही, उठून जावं लागतं.

एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे. कित्येक आठवडे झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, तर अशा सेवेवर न थांबता डॉक्टर गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर लगेच घरच्या कुणाला तरी सांगा आणि तातडीची मदत घ्या. तातडीच्या प्रसंगासाठी ही सेवा नाही, असं त्यांच्याच अटींत लिहिलेलं आहे.

आणि सत्रांचा संच घेणार असाल तर पैसे भरायच्या पानावर सगळ्यात खाली ‘आपोआप नूतनीकरण’ अशी एक चौकट असते, ती आधीच टिचकी मारलेली असते. ती काढून टाका. मला ती दिसली तेव्हा पुढच्या संचाचे पैसे कापले गेले होते; ते परत मिळाले, पण त्यासाठी जो पत्रव्यवहार करावा लागला तो माझ्या वहीत डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना लिहिलेला आहे.